निळा धूर दिसला, तरी इंजिन खोलण्याची घाई नको

सिग्नलचा दिवा हिरवा होताच एखादी मोटार पुढे सरकते आणि मागच्या दुचाकीस्वारांच्या तोंडावर निळसर धुराचा लोट सोडून जाते, हे दृश्य शहरवासीयांना नवे नाही. तो धूर आपल्याच गाडीचा आहे हे ज्या दिवशी लक्षात येते, त्या दिवसापासून मालकाभोवती सल्लागारांची गर्दी होते. गॅरेजमध्ये बॉनेट उघडण्याआधीच 'इंजिन बोअरला आले आहे' असा निर्वाळा मिळतो. त्याचा अर्थ असा, की संपूर्ण इंजिन उतरवायचे, सिलिंडर लेथवाल्याकडे पाठवून मोठे करून घ्यायचे आणि नवे पिस्टन व रिंगा बसवायच्या. दहा-बारा वर्षे वापरलेल्या गाडीच्या बाबतीत हा खर्च गाडीच्या बाजारभावाशी स्पर्धा करू लागतो. मात्र अगदी तसाच निळा धूर व्हॉल्व्हच्या दांड्यांवर बसवलेली रबरी सील कडक झाल्यामुळेही येऊ शकतो आणि ती सील बदलण्याचा खर्च याच्या कित्येक पटींनी कमी असतो. म्हणूनच सिलिंडर खरोखर झिजले आहे की नाही, हे इंजिन न खोलता कसे ओळखावे, याची माहिती वाहनधारकाला असणे आवश्यक आहे.

प्रथम ही झीज कशी होते ते पाहू. सिलिंडर म्हणजे इंजिनातील गुळगुळीत नळकांडे आणि त्यात खाली-वर होणारा दट्ट्या म्हणजे पिस्टन. पिस्टनच्या वरच्या भागातील खाचांमध्ये साधारणतः तीन रिंगा बसवलेल्या असतात. वरच्या दोन रिंगा जळणाऱ्या वायूचा दाब अडवतात, तर तिसरी रिंग भिंतीवरचे जादा ऑइल खरवडून खाली पाठवते. आपल्याकडच्या असंख्य मेकॅनिकांचे हात ज्या इंजिनावर तयार झाले, त्या मारुती ८०० चेच उदाहरण घेऊ. तिच्या तीन सिलिंडरांचा व्यास प्रत्येकी ६८.५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७२ मिलिमीटर. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या गतीने हे इंजिन तासभर चालले, तर प्रत्येक पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर सुमारे २६ किलोमीटर घासल्या जातात. एवढे घर्षण होऊनही लाखभर किलोमीटरनंतर भिंत जेमतेम काही शतांश मिलिमीटर झिजते, याचे श्रेय भिंतीवरच्या ऑइलच्या पातळ थराला आहे. तो थर टिकावा म्हणून कारखान्यातच भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेषा कोरलेल्या असतात. या क्रियेला होनिंग म्हणतात. नव्या सिलिंडरची भिंत आरशासारखी चकचकीत नसते आणि ती तशी नसावीही.

ही झीज सर्वत्र सारखी होत नाही आणि पुढील निदानासाठी हीच बाब महत्त्वाची ठरते. पिस्टन सर्वांत वर पोहोचतो तेथे क्षणभर थांबून दिशा बदलतो. गती शून्य झाली की ऑइलचा थर तुटतो. नेमक्या त्याच क्षणी तेथे ज्वलनाचा सर्वाधिक दाब आणि उष्णता असते. हा दाब रिंगेच्या मागच्या बाजूस शिरून तिला भिंतीवर आणखी जोराने रेटतो. परिणामी सिलिंडर वरच्या टोकाजवळ सर्वाधिक झिजते आणि खाली जवळजवळ मूळच्या मापाचे राहते. त्याहूनही वर, जेथे रिंग कधी पोहोचतच नाही, तेथे न झिजलेल्या धातूची एक कड शिल्लक राहते. बोटाने चाचपली तरी ती नखाला लागते. शिवाय तिरप्या झालेल्या कनेक्टिंग रॉडमुळे पिस्टन एका बाजूला दाबला जातो. त्यामुळे क्रँकशाफ्टच्या लांबीला काटकोनात असलेल्या बाजू अधिक झिजतात आणि गोल सिलिंडर हळूहळू अंडाकृती होऊ लागते.

झीज केवळ घासण्यानेच होते, असेही नाही. थंड इंजिनात ज्वलनातून निर्माण झालेली वाफ भिंतीवर ओल धरते आणि त्या आम्लयुक्त ओलाव्याने धातू गंजत जातो. ब्रिटनमधील संशोधकांनी १९३० च्या दशकातच हे दाखवून दिले होते. घरापासून भाजी मंडईपर्यंत आणि परत, एवढाच प्रवास करणारी 'कमी चाललेली' गाडी इंजिनाच्या दृष्टीने फार सुखात असते, हा समज त्यामुळे पारखून घ्यायला हवा. दुसरा शत्रू धूळ. फाटलेला एअर फिल्टर किंवा त्याच्या पुढच्या नळीचा सैल झालेला क्लॅम्प काही हजार किलोमीटरमध्ये रिंगांचे आयुष्य संपवू शकतो.

आता धुराकडे वळू. निळा धूर म्हणजे ऑइल जळत आहे, पांढरा आणि न विरणारा दाट धूर म्हणजे बहुधा रेडिएटरचे पाणी सिलिंडरमध्ये येत आहे आणि काळा धूर म्हणजे इंधन जास्त होत आहे, इतके बहुतेकांना ठाऊक असते. परंतु निळा धूर केव्हा येतो, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताच एक झोत निघून धूर थांबत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर घ्यावा. रात्रभरात ऑइल त्यांतून थेंबथेंब झिरपलेले असते. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, की पेट्रोल इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये जोरदार निर्वात निर्माण होतो आणि सैल सीलमधून ऑइल आत खेचले जाते. पायथ्याशी पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच निळा लोट बाहेर पडतो. याउलट घाट चढताना, इंजिनावर भार असताना सतत धूर येत असेल, तर रिंगा आणि सिलिंडरवरचा संशय बळावतो. हा निकष अर्थातच शंभर टक्के खात्रीचा नाही. डिझेल इंजिनात असा निर्वात फारसा नसतो, त्यामुळे त्याला तो लागू पडत नाही. टर्बोचार्जरचे सील गळत असेल तरी निळा धूर येतो. शिवाय आजच्या गाड्यांतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थोडेफार ऑइल जाळून टाकतो, त्यामुळे धूर अजिबात न दिसताही इंजिन ऑइल खात असू शकते.

त्यासाठी मोजणी हाच उपाय. गाडी सपाट जागी उभी करून ऑइल पट्टीच्या वरच्या खुणेपर्यंत भरावे, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि हजार किलोमीटरनंतर त्याच जागी, तशाच थंड इंजिनावर पुन्हा पट्टी पाहावी. थोडे ऑइल प्रत्येक इंजिन खाते. काही उत्पादकांच्या पुस्तिकांत तर हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंतचा वापरही सामान्य मानला आहे. हे करताना ऑइल बाहेर गळत नाही ना आणि क्रँककेसमधील वाफ बाहेर नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबलेला नाही ना, हेही पाहावे. तो तुंबला की आतला दाब वाढतो आणि निर्दोष रिंगांवरूनही ऑइल वर चढते. या व्हॉल्व्हची किंमत इतकी कमी असते, की संशय आल्यास बदलून पाहण्यातही नुकसान नाही.

गॅरेजमध्ये यापुढची परीक्षा म्हणजे 'बॅक कॉम्प्रेशन'. चालू इंजिनाचे ऑइल भरण्याचे झाकण काढून त्याच तोंडावर उलटे ठेवतात. ते थडथड उडू लागले आणि तोंडातून धूर फुसफुसत बाहेर आला, तर ज्वलनाचा वायू रिंगांच्या बाजूने खाली उतरत आहे, असे समजतात. जुनी गाडी विकत घेताना ही परीक्षा अवश्य करावी. मात्र तिच्यावर निकाल देऊ नये. डिझेल इंजिनात थोडे बॅक कॉम्प्रेशन असतेच, तर विकण्याआधी दाट ऑइल भरून हे लक्षण काही दिवस झाकताही येते.

खरा पुरावा मिळतो तो कॉम्प्रेशन गेजमधून. या तपासणीला अर्धा तासही लागत नाही, तरीही ती न करताच इंजिन उतरवले जाते, हे आपल्याकडचे दुर्दैव. इंजिन गरम करून सर्व स्पार्क प्लग काढायचे, इंधन व इग्निशन बंद करायचे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि प्रत्येक सिलिंडरला गेज लावून स्टार्टरने इंजिन पाच-सहा वेळा फिरवायचे. बॅटरी पूर्ण भारित हवी, अन्यथा शेवटच्या सिलिंडरवर नाहक अन्याय होतो. बहुतेक पेट्रोल इंजिनांत दर चौरस सेंटिमीटरला १० ते १४ किलोपर्यंत दाब मिळतो. डिझेलमध्ये तो त्याच्या दुपटीहून अधिक असतो आणि त्यासाठी वेगळे गेज लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. तथापि मूळ आकड्याइतकेच महत्त्व सिलिंडरांमधील फरकाला आहे. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या तीन-चतुर्थांशापेक्षा खाली गेला, तर तेथे निश्चित दोष आहे. गेजचा काटा कसा चढतो, याकडेही लक्ष द्यावे. पहिल्या फेरीला कमी आणि नंतर हळूहळू वाढत जाणारा दाब झिजलेल्या रिंगांकडे बोट दाखवतो; पहिल्यापासून कमी आणि शेवटपर्यंत फारसा न वाढणारा दाब गळक्या व्हॉल्व्हकडे. शेजारशेजारची दोन सिलिंडरे एकदमच कमी दाखवत असतील, तर त्यांच्यामधील हेड गॅस्केट फुटलेले असण्याचा संभव अधिक.

यानंतर ओली चाचणी. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा इंजिन ऑइल टाकायचे, इंजिन दोन-तीन फेऱ्या फिरवायचे आणि पुन्हा गेज लावायचे. ऑइल रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवते. दाब लक्षणीय वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर दोषी. न वाढल्यास व्हॉल्व्ह, गॅस्केट किंवा हेडमधील तडा. चमच्याऐवजी अर्धी वाटी ओतणारे महाभागही असतात. इतक्या ऑइलने वरची मोकळी जागाच कमी होते, आकडा आपोआप चढतो आणि निर्दोष रिंगा दोषी ठरतात.

येथे एक फसगत होते. कॉम्प्रेशन उत्तम आहे आणि तरीही गाडी ऑइल खाते, असे प्रकार थोडे नाहीत. कॉम्प्रेशन गेज केवळ वरच्या दोन रिंगांची साक्ष देते. तिसरी, ऑइल खरवडणारी रिंग कार्बनने खाचेत चिकटून बसली असेल, तर भिंतीवर भरपूर ऑइल राहते आणि त्या ऑइलमुळेच कॉम्प्रेशनचा आकडा उलट चांगला येतो. अशा वेळी आकड्याइतकेच लक्ष प्लगकडे द्यावे. प्लगच्या टोकावर ओलसर काळे ऑइल किंवा राखेसारखा थर असेल, तर सिलिंडरमध्ये ऑइल येत आहे हे नक्की. मात्र ते रिंगांवरून आले की व्हॉल्व्हच्या सीलमधून, हे प्लग सांगत नाही. तेथे पुन्हा धुराच्या वेळेचाच आधार घ्यावा लागतो.

अधिक काटेकोर पद्धत म्हणजे लीकडाऊन चाचणी. पिस्टन सर्वांत वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून ठरावीक दाबाची हवा सोडतात आणि किती टक्के हवा निसटते, ते दुसऱ्या गेजवर वाचतात. दहा टक्क्यांच्या आसपासची गळती सहसा चिंतेची नसते. वीस टक्क्यांपुढे मात्र कारण शोधावे लागते. या चाचणीत गेजइतकाच उपयोग कानाचा होतो. सायलेन्सरमधून फुस्स आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतो आहे, एअर फिल्टरच्या बाजूने आला तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइलच्या पट्टीच्या नळीतून आला तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले, तर गॅस्केट किंवा तडा. हवा सोडताच इंजिन फिरण्याची शक्यता असते, त्यामुळे ही परीक्षा अनुभवी हातांनीच करावी.

आता बारीक नळीच्या टोकावर कॅमेरा असलेला बोअरस्कोप अनेक गॅरेजांत आला आहे आणि तो प्लगच्या भोकातून आत घालता येतो. भिंतीवरच्या तिरप्या रेषा जागोजागी दिसत असतील, तर सिलिंडरचे आयुष्य शिल्लक आहे. रेषा पुसल्या जाऊन भिंत आरशासारखी झाली असेल, तर ऑइल तेथे टिकत नाही. उभे ओरखडे दिसले तर ते कोठे आहेत ते पाहावे. पिस्टनच्या दाबाच्या बाजूंवर असतील तर इंजिन तापले असावे किंवा ऑइल कमी पडले असावे. मात्र पिस्टनपिनच्या रेषेत एकच खोल चर असेल, तर पिन धरून ठेवणारी सर्क्लिप निसटल्याचा दाट संशय घ्यावा. दुर्बीण दोष दाखवते, माप दाखवत नाही. प्रकाशाच्या खेळामुळे पुसटसा ओरखडाही पडद्यावर दरीसारखा भासतो, त्यामुळे केवळ एक छायाचित्र दाखवून कोणी हजारोंचे काम सुचवत असेल, तर कॉम्प्रेशनचे आकडे मागावेत.

मुंबई-पुण्याच्या वाहनधारकांनी आणखी एक प्रकार ध्यानात ठेवायला हवा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन:पुन्हा स्टार्टर मारून सुरू करण्याचा प्रयत्न म्हणजे इंजिनावरचा सर्वांत मोठा आघात होय. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. मारुती ८०० च्या एका सिलिंडरची क्षमता सुमारे २६५ घनसेंटिमीटर. कॉम्प्रेशनचे गुणोत्तर नऊच्या आसपास धरले, तर पिस्टन वर पोहोचल्यावर उरणारी जागा केवळ ३३ घनसेंटिमीटर, म्हणजे जेवणाचे दोन मोठे चमचे. तेवढे पाणी आत असेल तर पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कित्येकदा तो थोडासाच वाकतो. पाणी काढून, ऑइल बदलून गाडी सुरूही होते आणि मालक निर्धास्त होतो. परंतु वाकलेल्या रॉडमुळे पिस्टन तिरपा घासत राहतो आणि काही महिन्यांनी भिंतीची एक बाजू झिजलेली आढळते. याचे निदान चुकते, कारण लक्षणे परस्परविरोधी असतात. त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी येते, पण लीकडाऊन चाचणीत गळती दिसत नाही. गळती नाही आणि दाबही नाही, याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे पिस्टन पूर्ण वर येतच नाही. प्लगच्या भोकातून सरळ सळई सोडून सर्व पिस्टनांची वरच्या स्थितीतील उंची ताडून पाहिली, की हा फरक उघड होतो. पुराच्या पाण्यातून निघालेल्या गाडीवर हा साधा प्रयोग जरूर करून घ्यावा. पाणी गेल्यावर इंजिन फिरवल्याने झालेली हानी साध्या विमा पॉलिसीत बहुधा नाकारली जाते, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते.

एवढ्या तपासण्यांनंतरही सिलिंडरच दोषी ठरले, तर इंजिन खोलण्यास पर्याय नाही. मात्र खोलल्यावरही डोळ्यांनी अंदाज न घेता मापे घ्यावीत. बोअर गेजने वर, मध्ये व खाली अशा तीन उंचींवर, प्रत्येकी दोन काटकोनी दिशांना, म्हणजे एकूण सहा मापे प्रत्येक सिलिंडरची घेतली पाहिजेत. अनेक लहान इंजिनांसाठी वर-खालील किंवा आडव्या-उभ्या मापांतला ०.१ मिलिमीटरच्या आसपासचा फरक ही शेवटची मर्यादा मानली जाते. ती माणसाच्या केसाच्या जाडीहून थोडीच जास्त आहे. बोअर गेज नसेल तर एक जुनी पण अचूक युक्ती आहे. नवी रिंग पिस्टनने सरळ ढकलून प्रथम सिलिंडरच्या तळाशी आणि नंतर वरच्या झिजलेल्या भागात बसवावी व दोन्ही ठिकाणी तिच्या टोकांमधली फट फीलर गेजने मोजावी. व्यास ०.१ मिलिमीटरने वाढला, तर परीघ ०.३१ मिलिमीटरने वाढतो आणि तेवढीच फट वाढते. तळाशी ०.३ असलेली फट वर ०.६ झाली, तर सिलिंडर किती निमुळते झाले आहे, याचे उत्तर समोर असते.

झीज मर्यादेत असेल तर होनिंग करून नव्या रिंगा पुरतात. मात्र वरची कड न काढता नवी रिंग बसवली, तर ती कडेवर आपटून तुटते. 'नव्या रिंगा टाकल्या आणि महिन्यात इंजिन गेले' अशा तक्रारींमागे कित्येकदा हेच कारण असते. मर्यादा ओलांडली असेल तर ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठे पिस्टन घेऊन सिलिंडर त्या मापाला बोअर करतात. पिस्टन आधी विकत घेऊन लेथवाल्याच्या हाती द्यावेत, कारण पिस्टन आणि भिंत यांच्यातील फट शतांश मिलिमीटरमध्ये राखायची असते आणि खोक्यावर छापलेल्या आकड्यावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही.

सर्वच सिलिंडरे अशी बोअर होत नाहीत, हेही आधी विचारून घ्यावे. काही ॲल्युमिनियम इंजिनांत बिडाच्या लाइनरऐवजी भिंतीवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा अत्यंत पातळ लेप असतो. १९९० च्या दशकात बीएमडब्ल्यू आणि जग्वार यांच्या काही व्ही-८ इंजिनांत गंधकाचे प्रमाण अधिक असलेल्या पेट्रोलमुळे हा लेप खराब झाला आणि पुढे दोन्ही कंपन्यांना सिलिंडरची रचना बदलावी लागली. असा लेप साध्या लेथवर बोअर केल्यास निघून जातो आणि मग बहुधा लाइनर घालणे किंवा ब्लॉक बदलणे, असे मार्ग उरतात.

बोअर करून आणलेल्या सिलिंडरच्या भिंतीवर तिरप्या रेषांची जाळी दिसते की नाही, हे ब्लॉक ताब्यात घेतानाच उजेडात धरून पाहावे. होनिंगनंतर ब्लॉक साबणाच्या गरम पाण्याने घासून धुवावा लागतो. केवळ पेट्रोलने पुसल्यास घासकागदासारखे बारीक कण रेषांत अडकून राहतात. नव्या रिंगा भिंतीशी जुळेपर्यंत, म्हणजे पहिले काहीशे किलोमीटर, किंचित निळा धूर येणे स्वाभाविक आहे. या काळात गाडी तासन्‌तास नुसती चालू ठेवू नये आणि एकाच वेगाने रेटूही नये. मधूनमधून मध्यम भार द्यावा, म्हणजे वायूच्या दाबाने रिंगा भिंतीवर बसतात. हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा कॉम्प्रेशनचे आकडे घेऊन ते बिलाच्या मागे तारखेसह लिहून ठेवावेत.